थोरलीचा तेरावा

आमचं वाचन मंडळ चार जणांचं. दर रविवारी दुपारी चार वाजता भोपाळच्या सोनागिरीत आमच्या घरी जमायचं, कादंबरीचं एक प्रकरण मोठ्याने वाचायचं, चहा घ्यायचा आणि सहाच्या आत उठायचं, एवढाच कार्यक्रम. प्रत एकच असायची, त्यामुळे वाचणारी व्यक्तीही एकच. त्या म्हणजे अयोध्या नगरच्या एक निवृत्त शिक्षिका. नवऱ्याच्या बदलीमुळे पुण्याहून इथे आल्या त्याला पस्तीस वर्षं झाली, पण त्यांच्या मराठीला भोपाळचं वारं लागलेलं नाही. आम्ही त्यांना बाई म्हणतो.

माझं उलट. मध्य प्रदेश राज्य नवीन झालं तेव्हा माझे वडील नागपूरहून कचेरीच्या फायलींबरोबर इथे आले. मी इथेच जन्मले आणि इथल्याच एका सरकारी खात्यात आवक-जावक सांभाळत रिटायर झाले. मी 'भाजी बनवली' म्हटलं की बाई 'केली' म्हणून दुरुस्त करतात. मी पुढच्या रविवारी परत बनवते.

तिसरे एक कारखानदार. गोविंदपुऱ्यात त्यांचा स्प्रिंगा तयार करण्याचा छोटा कारखाना आहे. पत्नी गेल्यापासून रविवार त्यांना खायला उठतो, म्हणून ते येतात. चौथी बँकेतली मुलगी. तिशीची, एकत्र कुटुंबातली मोठी सून. तिची मराठी वाक्याच्या मध्यावर हिंदीत उतरते आणि शेवटी कधी परत चढते, कधी चढत नाही. ती रविवारी दोन तास घरातून बाहेर पडायला मिळतं म्हणून येते, आणि हे तिने पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं.

आमचे हे मंडळात नाहीत. मोठ्या कारखान्यात तंत्रज्ञ म्हणून नोकरी झाली, आता पेपर वाचणं हा त्यांचा व्यवसाय. रविवारी आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो की ते आतल्या खोलीत, पडद्यामागे, पेपर उघडून बसायचे.

दिवाळीनंतर आम्ही जी कादंबरी घेतली ती बाईंनी कुणाच्या तरी रद्दीतून उचलून आणली होती. मुखपृष्ठ नव्हतं, पहिली चार पानंही गेलेली. त्यामुळे पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, काहीच माहीत नव्हतं. पण गोष्ट पाचव्या पानापासून व्यवस्थित सुरू होत होती. एका गावात कापडाचं दुकान, दुकानाच्या वर घर. घरात तीन भाऊ, त्यांच्या तीन बायका, मुलंबाळं आणि सासू. भाऊ दुकानावरून भांडत, धाकट्या दोन सुना स्वयंपाकघरावरून. सासू कुणाशीच भांडत नसे, ती फक्त एकाचं दुसऱ्याला सांगे.

तिसऱ्या रविवारपर्यंत आम्ही त्या घरात राहायला गेलो होतो. बँकेतली मुलगी सासूचं बोलणं आलं की "यार, ही तर माझीच सासू आहे, किसी ने रिकॉर्ड करून दिलं काय" म्हणून उसळायची. बाई पुस्तकावर बोट ठेवून थांबायच्या. प्रकरण संपल्याशिवाय बोलायचं नाही हा त्यांचा नियम होता, आणि तो त्यांनी स्वतः दोनदा मोडला. दोन्ही वेळा मधल्या भावाला "नालायक" म्हणण्यासाठी. कारखानदारांनी वहीत त्या घराचा नकाशा काढायला घेतला. जिना कुठे, माळा कुठे, धान्याची कोठी कुठे. पुस्तकात नसलेली मापं त्यांनी अंदाजाने टाकली, कारण मापांशिवाय त्यांना झोप येत नाही.

आणि थोरली. ती घरातली मोठी सून. प्रत्येक प्रकरणात तिला एखादंच वाक्य असायचं, बहुतेक वेळा "जेवून घ्या" एवढंच. घरात भांडण पेटलं की ती गच्चीवर जाऊन आधीच वाळलेले पापड पुन्हा वाळत घालायची. धाकट्याचं लग्न मोडत होतं तेव्हा तिने काहीतरी केलं आणि ते सावरलं. काय केलं ते लेखकाने सांगितलं नाही, पण तिने केलं हे आम्हा चौघांना कळलं होतं. कारखानदार एकदा म्हणाले, "ही बाई म्हणजे त्या घराची मेन शाफ्ट आहे. दिसत नाही, पण ती थांबली की सगळं थांबेल."

जानेवारीतल्या एका रविवारी ती गेली.

बाई वाचत होत्या. एका वाक्यात थोरली लोणच्याची बरणी काढायला माळ्यावर चढली. दुसऱ्या वाक्यात पडली. तिसऱ्या वाक्यात मधल्याच्या मुलीला बघायला पाहुणे आले, आणि ते तिच्या जाण्यानंतर महिन्याभराने आले होते. बाई थांबल्या. एक पान मागे गेल्या, पुन्हा पुढे आल्या.

"पान चिकटलं असेल," मुलगी म्हणाली.

बाईंनी पान उजेडात धरलं. चिकटलेलं नव्हतं.

"म्हणजे मेली?" मी विचारलं.

"असं दिसतंय," बाई म्हणाल्या. वर्गात पास-नापास सांगताना असेल तसा त्यांचा आवाज होता, पण पुस्तक त्यांनी मिटलं. प्रकरण अर्धं असताना त्यांनी पुस्तक मिटल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं. "पाहुण्यांनी कांदेपोहे खाल्ले याचं वर्णन मात्र पाऊण पान आहे."

मुलगी रडायला लागली. मोठ्याने नाही, पण थांबेचना. कारखानदारांनी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला. मग ते म्हणाले, "दोन मिनिटं उभं राहू या. आमच्याकडे कुणी गेलं की मशीन बंद करून उभं राहतो आम्ही."

त्या वेळी ते कुणालाच विचित्र वाटलं नाही. आम्ही उभे राहिलो. नुसतं उभं राहणं बरं दिसेना म्हणून मी देव्हाऱ्यातलं निरांजन आणून टीपॉयवर लावलं. मुलीने बाल्कनीतल्या कुंडीतला झेंडू खुडून पुस्तकावर ठेवला. आम्ही माना खाली घातल्या.

दार उघडंच होतं. समोरच्या घरातल्या भाभीजी ओल्या हरभऱ्याची जुडी घेऊन आत आल्या. त्या सागर जिल्ह्याकडच्या, पन्नाशीच्या, मोठ्या मनाच्या आणि त्याहून मोठ्या आवाजाच्या. त्यांनी निरांजन पाहिलं, फूल पाहिलं, रडणारी मुलगी पाहिली. जुडी दाराशी ठेवली, डोक्यावर पदर घेतला आणि आमच्या रांगेत उभ्या राहिल्या. दोन मिनिटं झाल्यावर त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "कौन थीं?"

"थोरली," मुलगी हुंदक्यातून म्हणाली.

"थोरली कौन?"

"मतलब, सबसे बड़ी बहू. बड़ी भाभी."

"किसकी?"

इथे खरं उत्तर द्यायला मी तोंड उघडलं होतं. पण कारखानदार आधी बोलले. "हम सबकी," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला.

"हे राम. कैसे हुआ?"

"अचार उतारने ऊपर चढ़ी थीं."

भाभीजींनी मला घट्ट मिठी मारली. मी त्यांच्या खांद्यातून कसंबसं म्हटलं, "अरे नहीं भाभीजी, वो तो किताब..."

"किताब-विताब अभी छोड़ो," त्या माझी पाठ थोपटत म्हणाल्या. "आज चूल्हा मत जलाना. खाना मैं भेजूँगी." आणि डोळे पुसत निघून गेल्या. हरभऱ्याची जुडीसुद्धा बरोबर घेऊन गेल्या, सुतकाच्या घरी हरभरा कोण सोलणार म्हणून.

संध्याकाळी जेवण आलं. त्यांच्याकडे याला कड़वा खाना म्हणतात. नावापुरतं कडू; डाळ, भात, साध्या पोळ्या, फोडणी कशालाच नाही. मी डबा परत करायच्या निमित्ताने जाऊन सगळं सांगणार होते. आमच्या ह्यांनी पाट मांडला आणि म्हणाले, "आधी जेवून घे." डाळ फार चांगली झाली होती. जेवल्यावर सांगायला जाणं मला जमलं नाही. ज्या दुःखाची डाळ आपण खाल्ली ते दुःख नव्हतंच, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

सकाळी उठून पाहते तर कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना. आमच्या कॉलनीचे सचिव ह्यांच्यासारखेच मोठ्या कारखान्यातून निवृत्त झालेले आहेत, शिस्तीचे. त्यांनी लिहिलं होतं की अत्यंत दुःखाने कळवण्यात येतं की आपल्या शेजारी परिवारातल्या ज्येष्ठ सूनबाई श्रीमती थोरली देवीजी यांचं आकस्मिक निधन झालं आहे. खाली जोडलेल्या हातांची रांगच्या रांग. एकाने चुकून केक पाठवला होता, मग तो पुसला होता.

मी फोन ह्यांच्यापुढे धरला. ह्यांनी वाचलं. "देवी कशाला लावलं?" एवढंच म्हणाले आणि पेपर उघडला.

दहाच्या सुमाराला कॉलनीतले सहा-सात पुरुष आले. सचिव पुढे. सगळे पांढऱ्या कपड्यांत, स्वेटरं तेवढी रंगीत. मी आत पाणी घ्यायला गेले आणि मनाशी ठरवलं की ट्रे ठेवायचा आणि सांगून टाकायचं. बाहेर आले तर हे बोलत होते. हे म्हणजे आमचे हे. जे लग्नाच्या बैठकीत तीन वाक्यं बोलले होते.

"बोलती कम थीं," हे सांगत होते. "घर में झगड़ा होता तो छत पर चली जाती थीं. पापड़ सूखे हुए होते, फिर भी सुखाती थीं. सबको खिलाती थीं. खुद ने कब खाया, किसी ने देखा नहीं."

सचिवांनी मान हलवली. "ऐसे लोग अब कहाँ."

"छोटे देवर का घर टूट रहा था. उन्होंने बचाया. कैसे बचाया, आज तक किसी को पता नहीं."

एका गृहस्थांनी रुमाल काढला. दुसऱ्यांनी आपल्या ग्वाल्हेरच्या वहिनीची गोष्ट सांगायला सुरुवात केली. ती संपेपर्यंत तिसऱ्यांना त्यांची आठवली. मी ट्रे घेऊन दारात उभी. पडद्यामागे पेपर उघडून बसलेल्या माणसाने एकही प्रकरण चुकवलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

पाहुणे गेल्यावर मी म्हटलं, "तुम्ही खोटं का बोललात?"

"खोटं काय बोललो? एक शब्द दाखव."

मी विचार केला. एकही दाखवता आला नाही.

मंगळवारी संध्याकाळी मंडळाची तातडीची बैठक घेतली. बाई संतापलेल्या होत्या. "हा शुद्ध पोरखेळ आहे. उद्याच्या उद्या जाऊन सांगून टाका."

"पण बाई, सांगायचं काय?" मुलगी म्हणाली. "की मेली नाही? मेली तर आहे ना."

"ती नव्हतीच!"

"मग तुम्ही रविवारी पुस्तक का मिटलं?"

बाईंनी रिकामा कप ओठांना लावला. त्यांना असं गोंधळलेलं मी पहिल्यांदा पाहत होते. त्या आठवड्यात बऱ्याच गोष्टी मी पहिल्यांदा पाहत होते.

कारखानदारांनी तेवढ्यात पिशवीतून एक फाइल काढली. कारखान्यात कुणाला अपघात झाला की एक छापील अहवाल भरावा लागतो, त्याचा कोरा नमुना त्यांनी आणला होता आणि थोरलीच्या नावाने भरत आणला होता. अपघाताची जागा: माळा, स्वयंपाकघराच्या वर. केलं जात असलेलं काम: बरणी उतरवणं. सुरक्षेची साधनं: नाहीत. सोबत नकाशा. त्यांनी सहाव्या प्रकरणातून माळ्याची उंची काढली होती, कारण तिथे धाकटा भाऊ टाचा उंच करून माळ्यावरचा कंदील काढतो. अकराव्या प्रकरणात घरातलं एकुलतं स्टूल दुकानात नेलं जातं. ते परत आणल्याचा उल्लेख कुठेही नाही.

"म्हणजे ती कशावर चढली?" ते विचारत होते. "डब्यावर? पाटावर पाट ठेवून? तिला मूल नव्हतं, कुणाला हाक मारायची? मधली होती घरात, धाकटी होती. हाक मारली असेल तर कुणी गेलं का नाही? लेखक काहीच लिहीत नाही. असा अहवाल माझ्या सुपरवायझरने दिला असता तर मी फाडून टाकला असता."

सगळा अहवाल भरलेला, एक रकाना सोडून. अपघातग्रस्ताचं नाव.

"थोरली लिहा की," मी म्हटलं.

"ते नाव नाही, तो हुद्दा आहे."

मग आम्ही नाव शोधायला बसलो. बाईंनी पट्टी घेतली आणि पाचव्या पानापासून ओळ न् ओळ पाहत गेल्या. सासू तिला सूनबाई म्हणते. दीर वहिनी म्हणतात, जावा जाऊबाई, पोरं मोठी काकू. नवरा "ऐकलं का" म्हणतो, तेही दोनदाच. एका प्रकरणात पुतण्याच्या मुंजीची पत्रिका जशीच्या तशी छापलेली आहे. तिच्यावर तिन्ही भावांची नावं आहेत, दुकानाचं नाव आहे, निमंत्रण देणाऱ्या सुनांच्या जागी नुसतं 'सर्व सौभाग्यवती' आहे. दुकानातल्या नोकराला नाव होतं. गल्लीतल्या कुत्र्याला नाव होतं.

दोन तास लागले. शेवटी बाईंनी पट्टी खाली ठेवली. "पहिल्या चार पानांत असेल," त्या म्हणाल्या. पण त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास नव्हता हे दिसत होतं. "उद्याच्या उद्या सांगून टाका" हे त्यानंतर त्या पुन्हा म्हणाल्या नाहीत. पिशवी उचलताना फक्त एवढंच म्हणाल्या, "कुत्र्याला आहे!"

बुधवारी मी समोर गेले. भाभीजी अंगणात गव्हाला ऊन देत बसल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी बसले आणि सरळ सांगितलं की थोरली ही कादंबरीतली बाई आहे, तिला आम्ही कुणीच पाहिलेलं नाही, त्या दिवशी आम्ही पुस्तकासाठी उभे होतो, आणि मला माफ करा.

त्या बराच वेळ गव्हातून हात फिरवत राहिल्या. मला वाटलं, आता उठतील आणि आत जातील.

"लेकिन मरीं तो सही ना?" त्यांनी विचारलं.

"हाँ. किताब में मरीं."

"और घरवालों ने क्या किया? तेरहवीं?"

"लिखा नहीं. सीधे मेहमान आ गए."

"नाम क्या था?"

"वो भी नहीं लिखा."

मग त्या जे बोलल्या ते मी अपेक्षिलं नव्हतं. त्यांना एक मोठी जाऊ होती, गावी. सगळे तिला बड़की म्हणायचे. भाभीजी लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना चुलीवर भाकरी फुगवायची तिने शिकवलं होतं. ती गेली तेव्हा भाभीजींचे दिवस भरत आलेले, प्रवास करू दिला नाही, तेराव्यालाही जाता आलं नाही. "अब आप नाम पूछ रही हैं तो सोच रही हूँ," त्या म्हणाल्या. "बड़की का नाम क्या था?"

त्यांनी तिथेच फोन लावला, गावाकडच्या दिराला. त्याला माहीत नव्हतं. त्याने आपल्या बायकोला विचारलं, तिलाही नाही. अर्ध्या तासाने त्याचा उलट फोन आला. जुनं रेशनकार्ड ट्रंकेत सापडलं होतं, त्यावर होतं. भाभीजींनी ते नाव ऐकलं आणि मग स्वतः तीनदा म्हटलं, नव्या भाजीचं नाव पाठ करावं तसं. ते मी इथे लिहीत नाही, ते त्यांचं आहे.

फोन ठेवून त्या उठल्या. "देखिए," त्या म्हणाल्या, "तेरहवीं तो होगी. मैंने पूड़ी वाले को बोल दिया है."

"पर किसकी?"

"आपकी वाली की भी. मेरी वाली की भी."

मी म्हटलं, मग लोकांना तरी खरं सांगू. त्या म्हणाल्या, जरूर सांगा, पण पुऱ्या वाढायच्या आधी नको, कच्च्या मालाचं काय करणार.

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी, तेराव्या दिवशी, दुपारी आमच्या दोन घरांच्या मधल्या जागेत सतरंज्या पडल्या. चाळीसेक माणसं होती. बाई तांदळाची खीर घेऊन आल्या आणि येताच म्हणाल्या, "मी या प्रकाराच्या विरोधात आहे, हे लक्षात असू द्या. वाट्या कुठे ठेवल्यात?" फोटो नव्हता, म्हणून पाटावर मुखपृष्ठ नसलेली कादंबरी ठेवली आणि तिला हार घातला. भाभीजींनी शेजारी एक मडक्यासारखी छोटी बरणी ठेवली. ती कशासाठी ते मी विचारलं नाही.

पुऱ्या वाढायच्या आधीच मी उभी राहिले. लोक जे बोलतील ते ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती, पण जेवल्यानंतर सांगणं काय असतं ते मी एकदा अनुभवलं होतं. हिंदीत, जमेल तसं, पहिल्यापासून सांगितलं.

मग सचिव उठले. "यानी कोई मरा ही नहीं?" त्यांचा चेहरा लाल झाला होता. "मैंने ग्रुप पर सूचना डाली है! मेरे साइन से!"

"मरी हैं, साहब," कारखानदार म्हणाले आणि फाइल घेऊन पुढे आले. "मेरे पास पूरी रिपोर्ट है."

सचिवांनी ती रागानेच हिसकावली. पण पहिलं पान वाचता वाचता त्यांनी खिशातून चष्मा काढला. नकाशा उलगडला. मी नंतर ऐकलं की नोकरीत असताना ते बरीच वर्षं अपघातांच्या चौकशी समितीवर होते. "स्टूल वापस क्यों नहीं आया?" त्यांनी विचारलं.

"वही तो."

"किसकी ज़िम्मेदारी थी?"

"मँझले की. वही ले गया था, दुकान में."

आणखी दोघे उठून नकाशावर वाकले, मग चौघे. आमच्या कॉलनीत अर्धे पुरुष कारखान्यातून निवृत्त झालेले. एवढी चांगली चौकशी त्यांना कित्येक वर्षांत मिळाली नव्हती. कुणी म्हणालं, माळ्याला कठडा नव्हता. कुणी म्हणालं, बरणी भरलेली होती का रिकामी, यावर तोल अवलंबून आहे. आमचे हे शांतपणे म्हणाले, "भरी हुई थी. चैत में डाला था, तब से किसी ने छुआ नहीं था." कुणीतरी विचारलं की एवढ्या वर्षांत तीन भावांपैकी एकालाही शिडी करून घ्यावीशी वाटली नाही का. मागून एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "हमारे यहाँ भी नहीं है सीढ़ी," आणि आपल्या मुलाकडे पाहिलं. मुलगा पुरी मागायला उठला.

जेवणं झाली. खीर संपली. सगळेच खूश होऊन गेले असं मात्र नाही. मागच्या ओळीतल्या एक बाई जेवणाचं पान ओलांडून ताडकन उठल्या. त्यांच्या मुलीचा साखरपुडा त्याच आठवड्यात झाला होता आणि आमच्या घरातल्या दुःखाचा मान राखून त्यांनी डीजे रद्द केला होता. "किताब के लिए?" त्या मला म्हणाल्या. "मेरी बेटी ने बिना गाने के अँगूठी पहनी, आपकी किताब के लिए?" मी त्यांची माफी मागितली. त्यांनी दिली नाही, होळीपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. होळीला मी त्यांच्याकडे पुरणपोळ्या घेऊन गेले, तेव्हा ताट घेतलं, पण आत या म्हणाल्या नाहीत.

संध्याकाळी सचिवांनी ग्रुपवर सुधारित सूचना टाकली. पूर्वी प्रसारित केलेल्या सूचनेतल्या स्वर्गीय श्रीमती थोरली देवीजी या एका पुस्तकातल्या पात्र असल्याचं निदर्शनास आलं आहे, गैरसोयीबद्दल खेद आहे, दिवंगत आत्म्यास शांती लाभो. खाली पुन्हा जोडलेले हात.

कादंबरीची सहा प्रकरणं उरली होती. ती वाचायची का नाही यावर मंडळात मतभेद झाले. मुलगी म्हणाली, मला त्या घरात आता पाय ठेवायचा नाही. बाई म्हणाल्या, सुरू केलेलं पुस्तक अर्धं टाकायचं नसतं. भाभीजीही आता रविवारी येऊ लागल्या होत्या, त्यांना पुढचं ऐकायचं होतं. म्हणून बाई एक परिच्छेद मराठीत वाचायच्या आणि मग तोच हिंदीत सांगायच्या. बाईंची हिंदी ही मराठीच असते, फक्त ती मोठ्याने बोललेली असते. भाभीजींना त्यातलं निम्मं कळायचं आणि उरलेलं आमचे हे खुर्ची दारापर्यंत ओढून समजावून द्यायचे.

शेवट साधाच निघाला. मधल्याच्या मुलीचं लग्न ठरलं, भाऊ एक झाले, सासू सगळ्यांना आशीर्वाद देत सुखाने गेली. तिच्या जाण्याला आठ पानं होती. बाईंनी ती आठही पानं वाचली, एकही गाळलं नाही, आणि आम्ही पाचही जण कोरड्या डोळ्यांनी ऐकत बसलो. संपल्यावर बँकेतल्या मुलीने घड्याळ पाहिलं. साडेपाच झाले होते. तिने चप्पल घातली, काढली आणि म्हणाली, अर्धा तास आहे अजून, मी इतक्यात घरी जात नाही. मी चहा ठेवला. बाई म्हणाल्या, आलं जास्त घाला. आणि आम्ही सहापर्यंत मधल्या भावाला नावं ठेवत बसलो, भाभीजी सर्वांत पुढे.